पंपानंतरची पानं

तळहातावर पुस्तक वाचून दाखवायचं तर घाई चालत नाही. एक अक्षर, जराशी उसंत, मग पुढचं अक्षर. शब्द संपला की तळव्यावरून बोटं आडवी फिरवायची, पाटी पुसावी तशी. शिरोरेषा आम्ही केव्हाच सोडून दिली. जोडाक्षर आलं की फोडून लिहायचं, ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरायचा नाही, आणि 'घ' की 'ध' असा घोळ झाला तर ती माझं बोट पकडून पुन्हा गिरवायला लावते. समजलं की तिचा दुसरा हात माझ्या गुडघ्यावर थापटतो, म्हणजे पुढे चला. नाही समजलं तर तो हात तसाच थांबतो. या चालीनं आम्ही दोघींनी हेलन केलरचं 'द स्टोरी ऑफ माय लाइफ' वाचलं. पुस्तक 1903 सालचं. मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायची, मनात मराठी करायची आणि ते मराठी तिच्या तळहातावर उतरवायची. ती तोंडानं बोलते. बोलण्यातला चढउतार आता कमी झाला आहे, पण घरच्यांना आणि मला ते नीट कळतं.

मी बधिरांध मुलांची शिक्षिका आहे. सांगली-मिरजेच्या आजूबाजूला घरोघरी जाऊन शिकवते. बधिरांध म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पूर्ण अंधार आणि पूर्ण शांतता येते. प्रत्यक्षात बहुतेकांना थोडं दिसत असतं किंवा थोडं ऐकू येत असतं. पण दोन्ही इतकं कमी की एकाची उणीव दुसरं भरून काढू शकत नाही. आंधळं माणूस कानानं जग गोळा करतं, बहिरं माणूस डोळ्यांनी. या मुलांजवळ उरतो तो हात, नाक आणि तळपायाला कळणारी कंपनं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं बधिरांधत्वाला बहुविकलांगतेत धरलं, तेव्हा कुठे कागदोपत्री ही मुलं दिसू लागली.

तिचं नाव लिहीत नाही. वय विशीतलं. तिला अशर सिंड्रोम आहे. यात लहानपणापासून ऐकू कमी येतं आणि वाढत्या वयात डोळ्यांचा पडदा कडेकडेनं निकामी होत जातो. सुरुवात रातांधळेपणानं होते. दिवेलागणीला ती अंगणातल्या बादल्यांवर आपटायची, तेव्हा सगळे म्हणाले, गाजरं खाऊ घाला. मग नजरेचं वर्तुळ आवळत गेलं, वर्गातला फळा तुकड्यातुकड्यानं दिसायला लागला. श्रवणयंत्रातून येणारा आवाजही पुढे अर्थाचा राहिला नाही. मराठी शाळेत शिकलेली, वाचनाचा नाद असलेली मुलगी. तिच्यापासून अक्षरंही गेली आणि आवाजही गेले. ब्रेल ती आता शिकते आहे, पण अजून बोटांना वेग नाही.

हे पुस्तक वाचायचं तिनंच ठरवलं. आजारपण कळल्यापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण तिला हेलन केलरचं नाव सांगून गेला होता. पाहुण्यांनी सांगितलं, सत्काराला बोलावणाऱ्या मंडळांनी सांगितलं. 2005 साली आलेल्या 'ब्लॅक' सिनेमाची गोष्ट तर अनेकांनी सांगितली; तो सिनेमा केलरच्या आयुष्यावरून सुचलेला आहे. ती एक दिवस म्हणाली, "ताई, सगळे तिच्याबद्दल सांगतात. ती स्वतः काय म्हणते ते मला वाचायचंय." हे मला फार पटलं. आमच्या क्षेत्रातसुद्धा हेलन केलर भाषणात जितकी येते तितकी वाचली जात नाही.

पुस्तकाची सुरुवात अलाबामातल्या टस्कंबिया गावात होते. हेलनचा जन्म 27 जून 1880 चा. एकोणीस महिन्यांची असताना ताप आला, आणि तो उतरला तेव्हा डोळे आणि कान दोन्ही गेले होते. तिच्या शिक्षिका अ‍ॅन सलिव्हन तिच्या घरी आल्या 3 मार्च 1887 ला. मधली पाच वर्षं म्हणजे जणू नुसता काळोख, असंच आपल्याला सांगितलेलं असतं. हेलन स्वतः तसं लिहीत नाही. त्या वर्षांत तिच्याजवळ खुणा होत्या. मान हलवली की नाही, ओढलं की ये, ढकललं की जा. पाव हवा असला की सुरीनं काप करून लोणी लावल्याची कृती. आइस्क्रीम हवं असलं की यंत्र फिरवल्याची खूण आणि अंगाला कापरं. तिनं आईला कोठीत कोंडून घातलं आणि बाहेर पायरीवर बसून दारावरच्या धक्क्यांचा थरार अनुभवला. पुढे सलिव्हनबाईंनाही खोलीत कोंडून किल्ली लपवून ठेवली. वडिलांना शिडी लावून त्यांना खिडकीतून उतरवावं लागलं. ही मुलगी काळोखात बसून नव्हती. तिला पुष्कळ काही हवं होतं, कळत होतं, आणि समोरच्यांना आपलं कळत नाही हेही तिला कळत होतं. तिच्या रागाचं मूळ तिथं आहे.

हे प्रकरण आम्ही वाचत होतो त्याच दिवसांत मी दुष्काळी पट्ट्यातल्या एका वाडीवर पाच वर्षांच्या एका मुलाकडे जात होते. आईला गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत रुबेला झाला होता. अंगावर पुरळ आणि दोन दिवस कणकण, एवढंच तिला आठवतं. बाळ जन्माला आलं ते दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हृदयात दोष आणि कान बंद असं. गोवर-रुबेलाची लसीकरण मोहीम देशात 2017 मध्ये सुरू झाली, महाराष्ट्रात 2018 च्या अखेरीस. त्या वेळी शाळांच्या दारात लशीला नकार देणारे पालक मी पाहिले आहेत. त्यांच्यापैकी कुणी या वाडीवर येऊन एक दुपार काढली असती, तर पुढचं काही बोलावं लागलं नसतं.

या आईनं मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "ताई, ह्यो बी त्या हेलन बाईसारखा हुईल का वो?" कुणीतरी तिला मोबाइलवर गोष्ट दाखवली होती. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. हेलन एकोणीस महिने पाहत-ऐकत वाढली होती, तुमच्या मुलानं जन्मापासून काहीच पाहिलं-ऐकलेलं नाही, ही तुलना खरी असली तरी आईच्या तोंडावर ती करता येत नाही आणि करूही नये. मी तिला दुसरंच विचारलं, "याला भूक लागली की तुम्हाला कसं कळतं?"

ती म्हणाली, "रडतो. न्हाईतर टाळ्या वाजवत बसतो येड्यावाणी."

त्या टाळ्या मी बघत बसले. त्या टाळ्या नव्हत्या. एक हात खाली उताणा, दुसरा वरून थापटतोय, आणि मधूनच खालचा हात किंचित फिरतोय. तो भाकरी थापत होता. आई चुलीपुढे बसायची तेव्हा हा तिच्या मांडीला चिकटून बसायचा, आणि तिच्या हातांवर याचे हात असायचे. पाव कापून लोणी लावणाऱ्या हेलनची खूण आणि या पोराची खूण एकाच जातीची. फरक एवढाच की टस्कंबियात ती खूण घरच्यांना कळत होती आणि इथं तिच्याकडे अजून कुणी बोलणं म्हणून पाहिलं नव्हतं. मी आईला म्हटलं, आता तो थापायला लागला की लगेच त्याच्या हातात भाकरीचा तुकडा द्या, आणि देताना तुम्हीही त्याच्या हाताखाली हात घेऊन तसंच थापा. म्हणजे तो बोलला आणि तुम्ही ऐकलंत, हे त्याला कळेल. ती बाई बराच वेळ त्याचे हात हातात धरून बसली. नंतर सासूला हाक मारून म्हणाली, "आत्ती, ह्यो भाकरी मागतुया. कवापासनं मागतुया."

हाताखाली हात हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या कामातलं ते महत्त्वाचं आहे. मुलाचा हात वरून धरून त्याच्याकडून एखादी गोष्ट करवून घेतली की त्याचा हात आपल्या मुठीत अडकतो, आणि ज्याला दुसरं काहीच नाही त्याचे डोळे बांधल्यासारखं होतं ते. आपला हात खाली, त्याचा वर, म्हणजे त्याला हवं तेव्हा काढून घेता येतो. सलिव्हनबाईंच्या काळी ही रीत अशी मांडलेली नव्हती. त्यांनी सुरुवातीला बरीच जबरदस्ती केली. न्याहारीच्या टेबलावर हेलन सगळ्यांच्या ताटात हात घालायची, ते बंद करायला त्यांनी बाकीच्यांना बाहेर काढून दार लावून झटापट केली. मग घरच्यांच्या लाडापासून दूर म्हणून बागेतल्या छोट्या घरात तिला घेऊन राहिल्या. आज कुणी नवी शिक्षिका मला असं करते म्हणाली तर मी तिला थांबवीन. पण त्या वीस वर्षांच्या मुलीपुढे त्या वेळी सगळा रस्ता मोकळा नव्हता, आणि आठवड्यागणिक ती स्वतःला बदलत गेली. हे कळतं ते पुस्तकाच्या तिसऱ्या भागात.

तो भाग बहुतेक लोक वाचत नाहीत. जॉन मेसी यांनी संपादन करताना पुस्तकाचे तीन भाग केले: हेलनचं स्वतःचं निवेदन, तिची पत्रं, आणि तिच्या शिक्षणाचा वृत्तांत. या शेवटच्या भागात सलिव्हनबाईंनी त्या दिवसांत पर्किन्स या अंधांच्या संस्थेतल्या आपल्या मायाळू मेट्रन सोफिया हॉपकिन्स यांना लिहिलेली पत्रं आहेत. माझ्या दृष्टीनं या पुस्तकाचं सोनं तिथं आहे.

आधी पंपाचं सांगते. 5 एप्रिल 1887. विहिरीच्या खोपटात पंपाचं पाणी हेलनच्या एका हातावर पडतंय आणि दुसऱ्या हातावर सलिव्हनबाई बोटांच्या वर्णमालेत पाण्याचं नाव लिहिताहेत. प्रत्येक वस्तूला नाव असतं हे हेलनला त्या क्षणी उमगलं. परतल्यावर तिनं सकाळी रागानं फोडलेल्या बाहुलीचे तुकडे चाचपले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला केलेल्या गोष्टीचं वाईट वाटलं. ही बाहुली पर्किन्सच्या अंध मुलांनी पाठवली होती आणि तिचे कपडे लॉरा ब्रिजमन या बधिरांध बाईंनी शिवले होते. नाटक, सिनेमा, भाषणं, सगळी या पंपापाशी येऊन थांबतात.

मी हा प्रसंग लिहिताना माझ्या विद्यार्थिनीच्या हाताकडे बघत होते. गुडघ्यावरची थाप नेहमीच्याच चालीनं पडत होती. प्रसंग संपल्यावर ती म्हणाली, "चांगलं आहे. पण मला पाणी माहीतच होतं ना. मला जे माहीत होतं ते परत कसं मिळवायचं, ते सांगा." मग जरा थांबून म्हणाली, "दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी काय केलं?"

दुसऱ्या दिवशी काय केलं, हाच आमच्या कामातला खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर त्या पत्रांत आहे. पंपानंतर थोड्याच दिवसांत सलिव्हनबाईंनी एक गोष्ट पाहिली. हेलनचं नात्यातलं एक लहान भावंड होतं, साधारण सव्वा वर्षाचं. ते बोलत नव्हतं, पण त्याला पुष्कळ कळत होतं. त्याला कुणी एकेक शब्द घोकवत नव्हतं. घरातली माणसं त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलत होती आणि ते त्यातून हवं ते उचलत होतं. सलिव्हनबाईंनी ठरवलं की ठरावीक वेळेचे पाठ बंद. बाळाच्या कानात जसं आपण बोलत राहतो तसं हेलनच्या हातात बोलत राहायचं. पूर्ण वाक्यांत, दिवसभर, तिला सगळं कळो न कळो. उरलेलं खुणांनी भरून काढायचं.

विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम करताना मी भाषाविकासाचे सिद्धान्त वाचले आहेत. पण वर्गाबाहेर, हातात कुठलंही साधन नसताना, एका मुलीनं एका तान्ह्या पोराकडे बघून आपली सगळी पद्धत टाकून दिली, याचा माझ्यावर जो परिणाम झाला तो कुठल्याही सिद्धान्तानं झाला नाही. आपल्याकडे बधिरांध मुलाशी माणसं आज्ञा देण्यापुरती बोलतात. ऊठ, बस, जेव, चल. घरात पाहुणे आले, शेजारी भांडण झालं, गाय व्यायली, पाऊस लांबला, हे त्याच्या हातात कुणी घालत नाही. मग भाषा येणार कुठून? त्या वाडीवरच्या आईला मी हेच सांगते. तुम्ही भांडी घासताना, गोठ्यात जाताना, त्याला हात लावू द्या, तुमची खूण त्याच्या हाताखाली करा. सकाळच्या अंघोळीआधी त्याच्या हातात तोच पंचा द्या, जेवणाआधी तोच चमचा, बाहेर निघताना तीच चप्पल. मी आले की तो आधी माझ्या मनगटातलं लाकडी कडं शोधतो. कडं सापडलं की मी कोण ते ठरलं. आता वडिलांची मोटारसायकल दारात आली की जमिनीला हात लावून तो आईचा पदर ओढतो. आई त्याच्या छातीवर बापाची खूण करते आणि दोघं दाराकडे निघतात.

पुस्तकाकडे परत येते. माझ्या विद्यार्थिनीनं सगळ्यात जास्त वेळ काढला तो 'द फ्रॉस्ट किंग'च्या प्रकरणावर. अकरा वर्षांच्या हेलननं एक गोष्ट लिहून पर्किन्सचे संचालक अ‍ॅनॅग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकानं छापली. मग लक्षात आलं की मार्गारेट कॅनबी यांच्या छापील कथेशी ती फार जुळते. ती कथा पूर्वी कधीतरी हेलनच्या हातावर कुणी वाचून दाखवली असावी. हेलनला ते आठवत नव्हतं. तिची चौकशी झाली. संस्थेतली मोठी माणसं बसली, सलिव्हनबाईंना खोलीबाहेर काढलं, आणि त्या मुलीला प्रश्न विचारले गेले. त्या रात्री ती ज्या तऱ्हेनं रडली ते तिनं लिहिलं आहे. पुढे कितीतरी काळ काहीही लिहिताना, अगदी आईला पत्र लिहितानासुद्धा, हे वाक्य आपलं आहे की कुठून आलंय अशी धास्ती तिला वाटायची.

इथं माझ्या गुडघ्यावरचा हात थांबला. कळलं नाही म्हणून मी पुन्हा लिहायला लागले, तर तिनं माझी बोटं धरली. "कळलं मला." मग म्हणाली, "मला जे येतं ते सगळं कुणाच्या तरी हातातून येतं. त्यात माझं कुठलं, हे मला पण कधीकधी कळत नाही. पण ते बघणाऱ्यांना तरी कुठे कळतं? त्यांची कुणी चौकशी करतं का?" आणि मग माझ्याकडे वळून, "आणि हे आत्ता तुम्ही लिहिलंत ते हेलन म्हणाली की तुम्ही?"

प्रश्न रास्त होता. मी अधूनमधून माझं काहीबाही त्यात घालत असे: हे गाव अमेरिकेच्या दक्षिणेला आहे, हा मनुष्य पुढे असा झाला, वगैरे. डोळ्यांनी वाचणाऱ्याला कंसातलं आणि तळटीपेतलं वेगळं दिसतं. तळहातावर सगळं एकाच बोटानं लिहिलं जातं. त्या दिवसापासून आम्ही ठरवलं की माझं स्वतःचं काही सांगायचं असेल तर आधी तिच्या मनगटावर दोन टिचक्या. टिचक्या नाहीत तोवर बोलते ती हेलन. ही व्यवस्था मी आता इतरांनाही शिकवते. डॉक्टर काय म्हणाले आणि आईला काय वाटतं, बँकेतला माणूस काय म्हणाला आणि सोबतच्या भावानं त्यात काय मिळवलं, हे वेगळं कळणं हा बधिरांध माणसाचा हक्क आहे, आणि तो रोज, नकळत, जवळच्याच माणसांकडून मोडला जातो.

परीक्षेचं प्रकरण तिनं पुन्हा वाचायला लावलं. रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेशासाठी 1899 च्या जूनमध्ये हेलनची अंतिम परीक्षा होती. बीजगणिताची प्रश्नपत्रिका अमेरिकन ब्रेलमध्ये येणार आणि आपल्याला बीजगणिताच्या खुणा फक्त इंग्लिश ब्रेलमधल्या येतात, हे तिच्या लक्षात आलं ते परीक्षा दोन दिवसांवर आली तेव्हा. तातडीनं चिन्हांचा तक्ता मागवून ती बसली. पेपरात कोणती खूण कशाची यातच तिचा वेळ गेला. ज्ञान होतं, खुणा दुसऱ्याच होत्या. ती पास झाली, आणि अधिकाऱ्यांनी आपल्या वाटेत किती अडचणी उभ्या केल्या ते त्यांना कळलंही नसेल, असं नमूद करून पुढे गेली.

माझ्या विद्यार्थिनीनं दहावी दिली तेव्हा तिला लेखनिक मिळाला होता, तासाला वीस मिनिटं जादा मिळाली होती. बोर्डाच्या नियमात ते आहे. पण तोपर्यंत तिचे कान इतके उतरले होते की लेखनिकानं मोठ्यानं वाचलेला प्रश्न पोचत नव्हता. तिनं तळहात पुढे केला. केंद्रावरच्या पर्यवेक्षकांनी हरकत घेतली: लेखनिकानं परीक्षार्थीच्या हाताला हात लावायचा नाही, हातावर काय लिहितोय ते आम्हाला कसं कळणार? कुठल्या केंद्रावर ते सांगत नाही. ते गृहस्थ वाईट नव्हते. बधिरांध परीक्षार्थी त्यांनी कधी पाहिलाच नव्हता आणि त्यांच्या हातातल्या परिपत्रकात तो नव्हता. निम्मा पेपर तिनं लेखनिकाच्या ओठांजवळ कान नेऊन दिला. बीजगणिताचं ते पान वाचताना तिची थाप जोरात पडत होती.

मार्था वॉशिंग्टनबद्दलही तिनं विचारलं. ही हेलनच्या घरच्या स्वयंपाकिणीची काळी मुलगी. हेलनच्या खुणा तिला कळायच्या, हेलन तिच्यावर दादागिरी करायची, आणि एकदा दोघींनी कात्री घेऊन एकमेकींचे केस कापले. "पुढे मार्थाचं काय झालं?" पुस्तक ते सांगत नाही. हेलनच्या खुणा सगळ्यात आधी ज्यांना कळल्या त्यांतली ती एक, सलिव्हनबाईंच्या कितीतरी आधी, आणि हेलनसाठी घरचे गेले तसं तिच्यासाठी वॉशिंग्टनला ग्रॅहम बेल यांच्याकडे सल्ला विचारायला कुणी गेलं नव्हतं. मी दोन टिचक्या मारून एवढं लिहिलं.

सलिव्हनबाईंविषयी हे पुस्तक अपुरं आहे, असं माझं मत आहे. हेलन त्यांच्याबद्दल अपार कृतज्ञतेनं लिहिते, पण त्यांचं आधीचं आयुष्य त्यात नाही. गरीब आयरिश घर, खुपऱ्यांनी अधू झालेले डोळे, टूक्सबरीच्या गरिबांच्या आश्रमात धाकट्या भावाबरोबर रवानगी, तिथं त्या भावाचा मृत्यू. पर्किन्समध्ये दाखल झाल्यावर शिकणं आणि शस्त्रक्रियांनी थोडी नजर परत येणं. त्याच संस्थेत राहणाऱ्या लॉरा ब्रिजमनशी बोलता यावं म्हणून त्या तिथं बोटांची वर्णमाला शिकल्या, आणि तीच टस्कंबियाला उपयोगी पडली. पुढे कॉलेजात ब्रेलमध्ये नसलेली पुस्तकं हेलनच्या हातावर उतरवताना याच अधू डोळ्यांनी त्या रोज तासन्‌तास वाचत होत्या. हेलन 1904 मध्ये पदवीधर झाली. त्या पदवीच्या समारंभाचं मला जितकं वाटत नाही तितकं त्या डोळ्यांचं वाटतं. संध्याकाळी माझं बोट दुखायला लागतं तेव्हा तर नक्कीच.

वाचनाच्या शेवटच्या दिवसांत माझ्या विद्यार्थिनीनं असा प्रश्न विचारला जो आजवर मला कुणी विचारला नव्हता. "सलिव्हनबाईंना पगार कोण देत होतं?"

मी शोधून सांगितलं. सुरुवातीला कॅप्टन केलर, हेलनचे वडील. त्यांची परिस्थिती ढासळल्यावर ओळखीचे श्रीमंत. कॉलेजच्या काळात स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स, ज्यांच्याकडे मार्क ट्वेननं शब्द टाकला. पुढे 1913 पासून अँड्र्यू कार्नेगी यांचं निवृत्तिवेतन. सलिव्हनबाई 1936 मध्ये गेल्या, म्हणजे एकोणपन्नास वर्षं तो हात हेलनजवळ होता, आणि त्यानंतर पॉली टॉमसन होत्या.

तिनं एवढं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे मला कुणी सांगायला नको होतं की हेलनसारखी हो. माझ्या बाबांना सांगायला हवं होतं की कार्नेगी शोधा."

यात कडवटपणा नव्हता. ती हिशेब मांडत होती. तिची आई दिवसभर शेतात असते, भाऊ पुण्याला कामाला. मी ठरल्या दुपारी येते आणि दिवे लागायच्या आत निघते. मी गेल्यावर दुसऱ्या खेपेपर्यंत तिच्या तळहातावर फार तर जेवायला ये, झोप, कोण आलंय, एवढंच लिहिलं जातं. हेलनच्या हुशारीबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांतही हुशारी होती, जिद्द होती. त्यांच्याजवळ नव्हते ते तास. कुणाचा तरी हात मिळण्याचे तास. आम्ही जिद्दीच्या गोष्टी सांगत राहतो, कारण जिद्द ज्याची त्यानं आणायची असते. तासांचा खर्च मात्र आपल्यावर येतो.

मी तिला कायद्यातली एक गोष्ट सांगितली. 2016 च्या कायद्याचं कलम 38 म्हणतं की ज्या दिव्यांग व्यक्तीला जास्त प्रमाणात आधाराची गरज आहे तिला तसा अर्ज करता येतो, तो मूल्यमापन मंडळाकडे जातो आणि मंडळानं गरज तपासून अहवाल द्यायचा असतो. कलम 24 मध्ये अशा व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचाही उल्लेख आहे. तिनं दोन्ही कलमं शब्दशः हातावर लिहायला लावली. तिथं टिचक्यांची मुभा नव्हती.

अर्जाचा मसुदा तिनं ब्रेलच्या पाटीवर स्वतः टोचला. उजवीकडून डावीकडे, चुकलेला ठिपका बोटानं दाबून सपाट करत, जीभ दातांत धरून. मी तो साध्या लिपीत उतरवून दिला, एक शब्दही न बदलता. तशी तिची ताकीद होती. त्यात तिनं लिहिलं आहे की मला सोबतीला बसणारं माणूस नको आहे. मला हातावर लिहिता येणारं, मी सांगेन ते आणि समोरचा सांगेल तेच पोचवणारं, पगारी माणूस हवं आहे, दिवसातले चार तास. त्या चार तासांत मी काय करीन ते खाली दिलं आहे. खाली तिनं लिहिलंय: बारावीचा अभ्यास, ब्रेल, बँक, दवाखाना, वर्तमानपत्र. शेवटी 'गप्पा' असा शब्द आहे. तो राहू द्यावा की नाही यावर तिच्या भावाचं आणि तिचं फोनवर, माझ्या बोटामार्फत, चांगलंच वाजलं. शब्द राहिला.

सोमवारी आम्ही दोघी एसटीनं जिल्ह्याच्या कचेरीत जाणार आहोत. अर्ज तीच देणार आहे, आणि शिक्का मारलेली पोच तिच्या हातात पडल्याशिवाय मी तिथून हलायचं नाही, असं तिनं मला आधीच बजावून ठेवलं आहे.